'आफ्रिकेचा हॅरी पॉटर' म्हणू नका ना प्लीज

दर रविवारी बिल्डिंगमधली सात-आठ पोरं माझ्या हॉलमध्ये जमतात, पुस्तक वाचून भांडायला. सगळी सहावी ते आठवीतली. यावेळी नेडी ओकोराफोरचं 'अकाटा विच' होतं, २०११ चं. एका बाबांनी कव्हर बघितलं आणि लगेच, "अच्छा, म्हणजे आफ्रिकेचा हॅरी पॉटर!" डोकंच फिरलं माझं. प्रतिशिर्डी, प्रतिपंढरपूर करायची आपली सवय पुस्तकांपर्यंत पण आली का?

आणि कुठली आफ्रिका हो? गोष्ट घडते नायजेरियातल्या अबा शहरात, तिथल्या इग्बो समाजातल्या एका घरात. सनी बारा वर्षांची, जन्म न्यूयॉर्कचा, त्यात अल्बिनो (त्वचेत रंग देणारं द्रव्यच नाही, म्हणून ऊन सोसत नाही), म्हणजे फुटबॉल जीव की प्राण पण खेळायचं ते ऊन उतरल्यावर, भावांबरोबर. मग तिला कळतं की आपल्यात जादू आहे. हे एवढं वाचून पॉटर आठवतो हे मान्य, पण पोरांनी अख्ख्या दोन तासांत त्याचं नाव एकदाही काढलं नाही!

ती भांडली चिट्टिमवरून. या जादूवाल्या लोकांचे पैसे म्हणजे चिट्टिम, धातूचे वाकडे तुकडे, आणि ते नोकरी करून मिळत नाहीत, काहीतरी नवीन शिकलात की धाडकन पायाशी पडतात. त्यात सगळ्यात किमती तांब्याचं आणि सगळ्यात कमी किमतीचं सोन्याचं. (सोन्याचा सध्याचा भाव बघता मी गप्प बसले.) एकाचं म्हणणं, मग टॉपर लोकच श्रीमंत होणार की. दुसरी म्हणाली, पाठ केल्याचे थोडीच पडतात, खरंच कळलं तर पडतात, तुझ्या घरी एक पण नसता पडला. झालं, कुशन फेकाफेकी.

खरा राग आला तो मोठ्यांचा. लहान मुलांना मारणारा एक नराधम आहे आणि तिथली मोठी माणसं त्याच्यावर सनी आणि तिचे तीन मित्रमैत्रिणी अशा चार पोरांना पाठवतात, वर सांगतात की तुम्ही मेलात तर दुसरी टीम पाठवू. आमच्याकडची एक, एरवी तोंड न उघडणारी, एकदम म्हणाली, "हे वाईट आहे, पण निदान खोटं तरी नाही बोलत." मला यावर काही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

मग विषय मुखवट्यांचा. त्या भागात मुखवटा घालून नाचणारे मिरवणुकीत येतात, आणि परंपरेने तो साक्षात आत्माच, आत कोण माणूस आहे हे विचारायचं नसतं. पुस्तकात तर खरेखुरे आत्मे येतात. मी हे इंटरनेटवरचे फोटो दाखवून समजावत होते तर सातवीतला एक म्हणतो, "म्हणजे बोहाडाच की." त्याचं आजोळ जव्हारकडचं. तिथे रात्रभर संबळाच्या तालावर देवांची सोंगं नाचतात, मुखवटा चढवला की तो माणूस देव, लोक पाया पडतात. त्याचा मामाच सोंग घेतो म्हणे. "मग मामाला ओळखतोस ना तू?" "ओळखतो, पण तेव्हा हाक नाही मारायची."

हॉल चिडीचूप. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या पायाशी काहीतरी टाकलं आणि सगळे ओरडले, चिट्टिम पडलं! इलेक्ट्रिशियन परवा विसरून गेलेला तांब्याच्या वायरचा तुकडा होता. तो त्याने खिशात घातला आणि घरी नेला.