घरच्या शाळेला कुणीतरी विचारायला हवं

2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा जीआर काढला आणि जूनअखेर मागेही घेतला. मधल्या काळात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रणच माजलं होतं. त्यात मावसबहिणीने मला विचारलं, "त्यापेक्षा तुझ्यासारखं घरीच शिकवलं तर काय वाईट गं?" लगेच काका, "शाळेत न जाता पोरं चार माणसांत वावरणार कशी?" गंमत म्हणजे दोघांच्याही कल्पनेतल्या घरच्या शाळेत सरकार कुठेच नव्हतं. मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात थोरल्या लेकीला घरी शिकवते आणि माझा अख्खा उन्हाळा सरकारी तारखांभोवती फिरतो.

30 जूनच्या आत वर्षभराच्या कामाचं बाड एका पात्र मूल्यांकनकर्त्यापुढे ठेवायचं: वाचलेल्या पुस्तकांची यादी, नोंदवही, कामाचे नमुने. 180 दिवस किंवा प्राथमिकसाठी 900 तास भरलेले हवेत. सक्तीच्या विषयांत गणित-भूगोलाबरोबर आगीपासून बचावही आहे. यंदा मूल्यांकनाला आलेल्या बाईंनी थोरलीने काढलेला घराचा नकाशा उचलला आणि विचारलं, "हा बाण खिडकीकडे का?" ती म्हणाली, "दाराला आधी पालथा हात लावायचा. गरम लागलं तर उघडायचं नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही, तिलाच पुढचा प्रश्न विचारला. मला ते फार आवडलं.

1 जुलैला नवं वर्ष सुरू होतं, आणि अंगणात काजवे असतात. स्टॉपवॉच घेऊन दोन चमकांमधली सेकंदं मोजणं हा दोघी लेकींचा रात्रीचा उद्योग. इथल्या एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखी चमकते आणि फसून आलेल्या नराला खाऊन टाकते, हे कळल्यापासून धाकटी प्रत्येक काजव्याला सावध करत फिरते. काजवा हा पेनसिल्व्हेनियाचा राज्यकीटक आहे. तो 1974 मध्ये ठरला, अप्पर डार्बीच्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र, तिन्ही रकाने भरले! पण हे काम एका शाळेतल्या मुलांनी केलं. दोघी बहिणींनी अंगणात बसून ते झालं नसतं. काकांच्या बोलण्यात तथ्य आहे ते इथे. इथल्या 2005 च्या कायद्याने घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या खेळांत, वाद्यवृंदात भाग घेता येतो. त्याने काही भरून निघतं, सगळं नाही.

आता तिकडचं, भारतातलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, पण न घालणाऱ्याला शिक्षा सांगत नाही. म्हणजे घरी शिकवणारे ना गुन्हेगार, ना अधिकृत. दहावीसाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे, तिथे किमान वय 14. तोवर मूल काय शिकलं हे विचारणं कुणालाच बंधनकारक नाही. याला स्वातंत्र्य म्हणणारे पालक मला भेटतात. बहुतेक शिकलेसवरलेले, शहरातले. त्यांच्या मुलांचं काही बिघडणार नाही. मला धास्ती आहे ती भावंडं सांभाळायला शाळेतून काढलेल्या मुलीची. तिचं घरही उद्या म्हणेल, "आम्ही घरीच शिकवतो." तिला कोण विचारणार, पालथा हात का लावायचा म्हणून?

पेनसिल्व्हेनियाची पद्धतही काही आदर्श नाही. मूल्यांकन करणारी व्यक्ती आम्हीच निवडतो, पैसेही आम्हीच देतो, आणि 2014 नंतर ते बाड शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यांकडे जात नाही, फक्त दाखला जातो. डोळेझाक करणारं माणूस शोधलं तर सापडेलच. तरीही वर्षातून एकदा एक परकं माणूस मुलीशी बोलतं. जीआरवर चिडून घरी शिकवायला निघालेल्यांनी सरकारकडे मान्यतेच्या जोडीला हेही मागावं.

मावसबहिणीला मी एवढं सगळं लिहिलं नाही. नोकरी कोण सोडणार, एवढंच विचारलं. आमच्याकडे मी सोडली, आणि तो निर्णय चर्चेविनाच झाल्यासारखा झाला. तिचं उत्तर आलं नाही; तोवर ग्रुप परत हिंदीकडे वळला होता.

धाकटी आता सहाची होईल. तिलाही घरी शिकवायचं तर सुरुवात करण्याआधी तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. तिला मात्र शाळेतच जायचंय. वाद घरात सुरू आहे आणि सध्या तरी तीच जिंकते आहे.