‘हजार किलोमीटर चालवा, आवाज बसेल’ हा सल्ला ऐकू नका

थार, बोलेरो, पिकअपवाल्यांत एक सल्ला सारखा फिरतो. मोठ्या टायरसाठी किंवा घाटातल्या ओढीसाठी मागचा क्राऊन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली, चाकांना फिरवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) बदलला आणि गाडी घुमायला, म्हणजे घूं-घूं आवाज करायला लागली, तर म्हणे घाबरायचं नाही. नवीन दात आहेत, हजार किलोमीटरांत बसतील. तोवर जाड ऑइल टाका. तरीही आवाज थांबला नाही तर चाल, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळी फट, कमी करून घ्या. आवाज मागून येतोय म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही.

‘दात बसतील’ हे यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर जुळवून जोडीनं बाहेर पडतात, म्हणून तर जोडी फोडायची नसते. गाडीत आल्यावर घासून जुळायचं फारसं काही उरलेलं नसतं. दात चुकीच्या जागी टेकत असले तर सगळा दाब तेवढ्याच पट्ट्यावर येतो. तो तापतो, खरवडतो आणि दातांची झीज त्याच चुकीच्या जागी होत जाते. मग पुढे शिम (गिअरची जागा ठरवणारी पातळ चकती) बदलून बसवणी सुधारली तरी आवाज जाईलच असं नाही. म्हणजे ज्या हजार किलोमीटरांत वाट पाहायला सांगतात, नेमकी तेवढ्यातच जोडी वाया जाते.

सुरुवातीला गाडी जपून चालवायची असते, हे मात्र खरं. वीस-पंचवीस किलोमीटर हलक्या पायानं, मग पूर्ण गार होऊ द्यायची, असं दोन-चार वेळा. सुरुवातीला भार नको, आणि साधारण 800 किलोमीटरला ऑइल बदलायचं. हे सगळं उष्णतेसाठी असतं. आवाजाशी त्याची गल्लत झाली आहे.

‘मागून येतो म्हणजे क्राऊन-पिनियनच.’ आधी एकाच वेगात गिअर बदलून बघा. आवाजाची पट्टी इंजिनाबरोबर बदलली तर मागे उघडायचं कारण नाही. बदलली नाही तर रेस द्या, मग सोडा. घुमणं रेस दिल्यावरच किंवा सोडल्यावरच येत असेल, तर संशय दातांच्या बसवणीवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. रेस देताना आणि सोडल्यावर सारखाच घरघराट असेल तर बेअरिंग किंवा टायर. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुकवल्यावर आवाज कमी-जास्त झाला, तर चाकाची बेअरिंग तपासा. फक्त वळणावर खडखड होत असेल तर क्राऊनच्या आतले, वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर. आणि धडधड जाणवत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा.

हिशेबही करता येतो. 2.2 मीटर परिघाचं चाक ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला साडेसात फेऱ्या मारतं. क्राऊनला 43 दात असतील तर दातांचा सूर 325 हर्ट्झच्या आसपास पडतो. फोनमधल्या अ‍ॅपवर तिथंच टोक दिसलं तर दात बोलताहेत. वेग मात्र जीपीएसवर पाहा, कारण स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर रेशो (क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण) बदलल्यावर त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही.

जाड ऑइलबद्दल एवढंच, की त्यानं आवाज दबतो, दोष नाही. ऑइलमध्ये भुसा टाकून, आवाज दाबून जुनी गाडी विकायची युक्तीही याच जातीची.

‘चाल कमी करा’ यात अर्धं सत्य आहे. चाल डायल गेजवर मोजायचीच असते. अशा अनेक अ‍ॅक्सलना ती 0.15 ते 0.25 मिलिमीटर ठेवतात, तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. पण पिनियन खोल किंवा उथळ बसला असेल तर क्राऊन सरकवून चाल कितीही नीट केली तरी दात चुकीच्या जागीच टेकतात. उलट चाल फार घट्ट केली तर दातांमध्ये ऑइलला जागा राहत नाही. खरा निवाडा दातांवर रंग लावून उमटणाऱ्या ठशाचा: तो मुळाशी गेलाय की शेंड्याला, यावर पिनियनची शिम ठरते. पुन्हा उघडताना पिनियनच्या बेअरिंगमध्ये दाबून बसणारा स्पेसर असेल तर तोही नवा घालायचा. जुनाच ठेवून पिनियनचा नट थोडा सैल करून भागवणारे मिस्त्री भेटतात, आणि मग पिनियनच्या बेअरिंगवर पुरेसा ताण राहत नाही.

एखाद्या ठरावीक वेगात बारीक सूं आवाज येतो आणि ठसा चांगला आहे, अशी जोडी मी तरी उघडायला सांगणार नाही. मात्र हे ठरवायला ठसा पाहिलेला हवा. कव्हर लावण्याआधी दाताच्या दोन्ही बाजूंचा फोटो मिस्त्रीकडून मागून घ्या, चालीचा आकडाही लिहून घ्या. काम नीट झालं असेल तर तो दोन्ही लगेच देईल.