सीटचं कापड, बाबूराव पेंटर आणि तुमची आत्या

दादा, इंग्लंडमधली कापडाची डिझायनर एनिड मार्क्स हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून राग आला म्हणून लगेच उत्तर दिलं नाही, काल रंकाळ्यावर एक चक्कर मारून आले आणि आता लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एनिड मार्क्स म्हणजे ट्रेनच्या सीटचं कापड काढणारी बाई, तिच्यावर एवढं लांबलचक लिहायचं काय कारण, त्यात बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात बसून लंडनचं कौतुक कशाला, आणि तुमच्या आत्या इचलकरंजीत आयुष्यभर ग्राफ पेपरवर साड्यांचे काठ काढायच्या, त्यांना कुणी आर्टिस्ट म्हटलं नाही, मग हिलाच का.

आधी माझ्या चुका. लंडनच्या ट्यूबमधली, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेतली, सीटची डिझाईन्स तिची, असं मी सरसकट ठोकून दिलं होतं. 1937 मध्ये लंडन ट्रान्सपोर्टनं ते काम दिलं ते तिच्या जोडीला डिझायनर मॅरियन डॉर्न, चित्रकार पॉल नॅश यांनाही. आणि 'पोस्टर आर्टिस्ट' हे हेडिंगही ताणलेलंच होतं, तिनं पोस्टर केली पण थोडी. पोस्टरचं म्हणाल तर डोरा बॅटीचं नाव घ्यायला हवं होतं, तिनं 1920 आणि 30 च्या दशकांत अंडरग्राउंडसाठी, म्हणजे त्याच ट्यूबसाठी, ढिगानं पोस्टर केली आणि पुढं लंडनच्या सेंट्रल स्कूल या कलाशाळेत टेक्स्टाईल विभागाची प्रमुख झाली. लेखात दोन्ही ठिकाणी दुरुस्ती केलीय.

बाकीचं मात्र नाही पटलं. सीटचं कापड म्हणून तुम्ही उडवून लावलंत, पण अट काय होती बघा, गवंडी बसून उठला तरी सीट ताजी दिसली पाहिजे. म्हणजे मळ लपला पाहिजे पण कापड मळखाऊ रंगाचं, उदास दिसता कामा नये, शिवाय गाडी उन्हातून बोगद्यात शिरते तेव्हा समोरच्याचे डोळे गरगरता कामा नयेत. ते कापड म्हणजे मोकेट, लोकरीचं जाड मखमलीसारखं, त्यात वर आलेल्या दोऱ्याचे काही फासे कापतात, काही तसेच ठेवतात, त्यामुळं एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. एवढं सगळं सांभाळून नक्षी काढायची. फ्रेम करून भिंतीवर लावायचं चित्र यापेक्षा सोपं असतं असं माझं स्पष्ट मत आहे, चित्रकार मित्र भांडतील, भांडू देत.

दुसऱ्या महायुद्धात तर अटी अजून आवळल्या. 'युटिलिटी' फर्निचरसाठी, म्हणजे टंचाईत सरकारनं ठरवून दिलेल्या साध्या फर्निचरसाठी, सरकारनं फर्निचर डिझायनर गॉर्डन रसेलच्या हाताखाली जी टीम केली त्यात ही कापडाचं बघायची, सुताचे दोनच प्रकार, रंग चार, आणि रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, लहानच ठेवायचा. लहान का, तर माझ्या आईला विचारा. मंगळवार पेठेत तिनं तीस वर्षं शिवणकाम केलं, मोठ्या चौकड्याचं कापड घेऊन बाई आली की ती आधीच सांगायची, जुळवायला पाव मीटर जास्त लागंल बरं का. खुर्चीचंही तेच, नक्षी मोठी असली की जुळवताना कापड वाया जातं, आणि तिथं तर कापडाला रेशन. मग एवढ्याशा जागेत नक्षी बसवायची आणि ती कंटाळवाणीही दिसू द्यायची नाही. 1944 मध्ये एनिडला रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री केलं, हा तिकडं डिझायनरला मिळणारा मोठा मान. त्याआधी 1925 मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टनं हिला डिप्लोमात नापास केलं होतं हे विसरू नका.

नापास झाल्यावर ती गेली फिलिस बॅरन आणि डोरोथी लार्चर या दोघींकडं ठशांची छपाई शिकायला. यातल्या लार्चरबाई 1910 च्या सुमारास आपल्या अजिंठ्याला येऊन भित्तिचित्रांच्या नकला करत बसल्या होत्या, त्या नकलांचं काम हाती घेतलेल्या इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅमच्या सोबत. तेव्हा लंडन तुम्ही समजता तेवढं लांब नाही ओ.

आता बाबूराव. त्यांचं आडनाव पेंटर नव्हतं, मेस्त्री. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव आणि ते नाटकांचे पडदे रंगवायचे, त्या धंद्यानं त्यांना पेंटर हे नाव दिलं. पुढं स्वतःच्या सिनेमाची पोस्टरंही रंगवली, ती भिंतीवर चिकटवायची, पावसात भिजायची, वर दुसरं चिकटायचं. तिकीट खपावं म्हणून रंगवलेल्या कागदाला तुम्ही कला म्हणता (मीही म्हणते, शंभरदा म्हणते) आणि तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या बुडाखालच्या कापडाला नाही, हे मला खरंच कळलं नाही.

आणि आत्यांचं. तुम्ही तो मुद्दा माझ्या विरोधात मांडलाय पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. काठ काढणाऱ्या बाईनं एक चौकट चुकवली तर मागावर तीच चूक साडीभर पुन्हा पुन्हा उतरते, तरी कापडावर नाव मालकाचं किंवा मिलचं. एनिड मार्क्सचं नाव राहिलं कारण तिकडं कुणीतरी तिचे तुकडे, ठसे, कागद सांभाळून ठेवले. आत्यांचे ते ग्राफ पेपर अजून घरात आहेत का? माळ्यावर, ट्रंकेत, कुठं तरी असतील. असतील तर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत घालू नका, मला सांगा, कोल्हापुरातून इचलकरंजी तासाभराची तर वाट आहे, रविवारी येते बघायला.