माल्कम बटलरची कारकीर्द एका चेंडूची नव्हती

माल्कम बटलर या अमेरिकन फुटबॉलपटूची एक गोष्ट गेली कित्येक वर्षे इंटरनेटवर फिरते आहे. तिचा सारांश असा: पॉपाइज या तळलेल्या चिकनच्या दुकानात काम करणारा एक पोरगा नशिबाने न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या संघात शिरला, २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकाने अक्कल गहाण टाकल्यामुळे चेंडू आयता त्याच्या हातात पडला, त्या एका क्षणाने तो कोट्यधीश झाला, आणि तीन वर्षांनी खुद्द प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला सुपर बोलमध्ये बाकावर बसवून त्याची खरी पात्रता दाखवून दिली. काही जण ही गोष्ट ‘नशीब कधी उघडेल सांगता येत नाही’ म्हणून सांगतात, तर काही जण ‘एका चेंडूचा मानकरी’ असे हिणवण्यासाठी. हेतू वेगळे असले तरी वस्तुस्थितीची मोडतोड दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून तिच्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पॉपाइजची नोकरी खरी आहे, पण तिची जागा चुकली आहे. मिसिसिपी राज्यातील विक्सबर्गचा हा मुलगा २००९ मध्ये हाइंड्स कम्युनिटी कॉलेजच्या संघात खेळत होता. पाच सामन्यांनंतर त्याला तिथून काढून टाकण्यात आले आणि त्या काळात तो गावातल्या पॉपाइजमध्ये काम करत होता. २०११ मध्ये तो त्याच कॉलेजात परतला, तिथून वेस्ट अलाबामा विद्यापीठात गेला आणि २०१२ व २०१३ असे दोन पूर्ण हंगाम खेळला. म्हणजे दुकानातून तो थेट सुपर बोलमध्ये पोहोचला नाही. मध्ये कॉलेज फुटबॉलची तीन वर्षे आहेत. वेस्ट अलाबामा हे दुसऱ्या श्रेणीत खेळणारे लहान विद्यापीठ असल्यामुळे बड्या संघांचे लक्ष तिकडे कमी जाते, हे मात्र खरे. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, २५६ खेळाडूंची निवड झाली आणि त्यांत बटलरचे नाव नव्हते. पॅट्रियट्सनी त्याला बोलावले तेही करार देऊन नव्हे, तर केवळ चाचणीसाठी. त्या चाचणीत तो उतरला, म्हणून १९ मे रोजी त्याच्याशी करार झाला आणि पुढे सराव शिबिरातून तो अंतिम संघात टिकला. याला नशीब म्हणायचे असेल तर नशिबाने दिले ते फक्त चाचणीचे आमंत्रण.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे तो चेंडू. १ फेब्रुवारी २०१५ रोजी अ‍ॅरिझोनातील ग्लेनडेल येथे पॅट्रियट्स २८-२४ असे पुढे होते आणि सिअ‍ॅटल सीहॉक्स गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर उभे होते. गोलरेषा ओलांडण्याच्या चार प्रयत्नांपैकी हा दुसरा होता आणि घड्याळात २६ सेकंद उरले होते. सिअ‍ॅटलकडे मार्शॉन लिंचसारखा दणकट धावपटू असताना प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या संघाने पासचा मार्ग धरला, क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटकडे चेंडू फेकला आणि बटलरने तो मधल्यामध्ये पकडला. ‘लिंचकडे चेंडू दिला असता तर सामना संपला होता, बटलरला तर भेटच मिळाली’ हे वाक्य यावरूनच आले आहे.

हे वाक्य दोन कारणांनी टिकत नाही. पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. सिअ‍ॅटलकडे घड्याळ थांबवण्याची एकच संधी, म्हणजे टाइमआउट, शिल्लक होती. धाव अडवली गेली तर घड्याळ चालूच राहते, आणि पास हुकून जमिनीवर पडला तर ते आपोआप थांबते. उरलेल्या वेळात तिन्ही प्रयत्न वापरायचे असतील तर त्यांतला किमान एक पास असावाच लागतो, आणि तो दुसऱ्या प्रयत्नात करणे यात वेडेपणा काही नाही. शिवाय समोर पॅट्रियट्सनी गोलरेषेवरील धाव रोखण्यासाठी धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी केली होती. लिंचने त्या हंगामात धावून १३ टचडाउन केले होते, म्हणजे १३ वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे नेला होता हे खरे, परंतु एक यार्डावरून त्याला पाच वेळा चेंडू मिळाला आणि त्यांपैकी एकदाच तो गोलरेषा ओलांडू शकला. याउलट त्या हंगामात तोपर्यंत लीगभरात एक यार्डावरून फेकलेला एकही पास प्रतिस्पर्ध्याने पकडला नव्हता. पास कोणाकडे आणि कोणत्या मार्गाने फेकावा, यावर टीका जरूर करता येईल. मधल्या गर्दीत लॉकेटऐवजी दुसरा पर्याय शोधायला हवा होता, असे मलाही वाटते. पण पास फेकणे हीच घोडचूक, हे म्हणणे निकाल पाहून केलेले शहाणपण आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते थेट बटलरच्या कामाशी संबंधित आहे. सिअ‍ॅटलचे दोन रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे खेळाडू, एकामागे एक उभे होते. पुढच्या जर्मेन कर्सने बचावपटूंची वाट अडवायची आणि मागच्या लॉकेटने त्या आडोशाने आत घुसायचे, अशी ती रचना होती. सुपर बोलच्या आधीच्या सरावात पॅट्रियट्सच्या राखीव खेळाडूंनी हीच चाल बटलरविरुद्ध खेळून पाहिली होती. जिमी गॅरोपोलोने फेकलेला पास जॉश बॉइसने पकडला, कारण बटलर अडथळ्याला वळसा घालून गेला आणि उशिरा पोहोचला. अशा वेळी वळसा घालायचा नाही, सरळ चेंडूच्या जागेवर धावायचे, हे त्याला तिथे बजावण्यात आले. सामन्यात तीच रचना समोर येताच त्याने ती ओळखली. त्याचा सहकारी ब्रँडन ब्राउनर, जो पूर्वी सिअ‍ॅटलकडूनच खेळला होता, त्याने कर्सला जागच्या जागी दाबून धरले आणि बटलरपुढची वाट मोकळी राहिली. बटलर लॉकेटच्या आधी चेंडूपाशी पोहोचला. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूच्या पावलावरून त्याचा पुढचा बेत ताडतो आणि त्याच क्षणी झेपावतो, तसेच कॉर्नरबॅकचे, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बटलरसारख्या बचावपटूचे, कौशल्य हालचाल सुरू होण्याआधी ओळखण्यात असते. ते यश एकट्या बटलरचे नव्हते, ब्राउनरचेही तितकेच होते. पण आयते मात्र ते अजिबात नव्हते.

सामन्यातल्या याच आक्रमणातील आणखी एक प्रसंग सहसा कोणी सांगत नाही, किंवा सांगितला तर बटलरच्या विरोधात सांगतात. त्याआधी मिनिटभरच कर्सने जमिनीवर पडल्या पडल्या, पायांवरून उसळलेला चेंडू पकडून ३३ यार्ड मिळवले होते. त्याला रोखत होता तो बटलरच. चेंडूला त्याचा हात आधी लागलाही होता. झेल पूर्ण झाला तरी खेळ थांबलेला नव्हता, हे भान ठेवून बटलर उठला आणि त्याने उभ्या राहिलेल्या कर्सला पाच यार्डांच्या रेषेजवळ मैदानाबाहेर ढकलले. तो तिथेच हताश होऊन पडून राहिला असता, तर कदाचित एक यार्डावरची ती चाल खेळण्याची वेळच आली नसती.

‘एका क्षणाने कोट्यधीश’ हे विधान तर तारखा पाहिल्या तरी कोसळते. त्या रात्रीनंतर त्याला काय मिळाले? सामन्याचा मानकरी ठरलेल्या टॉम ब्रेडीने आपल्याला बक्षीस मिळालेली गाडी त्याला देऊन टाकली. बटलर मात्र नवख्या खेळाडूच्या किमान वेतनाच्या तीन वर्षांच्या करारावरच खेळत राहिला. २०१७ च्या हंगामासाठी त्याला सुमारे ३९ लाख डॉलर मिळाले, आणि त्याच वर्षी पॅट्रियट्सनी बाहेरून आणलेल्या कॉर्नरबॅक स्टीफन गिलमोरशी पाच वर्षांसाठी ६.५ कोटी डॉलरचा करार केला. बटलरचा मोठा करार मार्च २०१८ मध्ये टेनेसी टायटन्सबरोबर झाला: पाच वर्षे, ६.१ कोटी डॉलर. म्हणजे त्या झेलानंतर तीन हंगाम उलटल्यावर.

हे तीन हंगाम कसे होते, हे विसरले जाते. २०१४ चा हंगाम संपताच डॅरेल रेव्हिस आणि ब्राउनर दोघेही संघ सोडून गेले आणि पॅट्रियट्सनी पहिल्या क्रमांकाच्या कॉर्नरबॅकची जबाबदारी बटलरवर टाकली. २०१५ मध्ये तो सर्व १६ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यात पोहोचला. पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गच्या अँटोनियो ब्राउनने त्याला चांगलेच दमवले, हे लपवण्याचे कारण नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध अखेरच्या दोन-तीन मिनिटांत ओडेल बेकहॅमने गोलक्षेत्रात चेंडू पकडला, पंचांनी टचडाउन दिलाही. पण बटलरने झेल पूर्ण होण्याआधी चेंडू हातातून उडवला होता, हे चित्रफितीत दिसल्यावर निर्णय फिरवला गेला. जायंट्सना तीन गुणांवर समाधान मानावे लागले आणि पॅट्रियट्स २७-२६ असे जिंकले. हा प्रसंग फिरणाऱ्या गोष्टीत कधीच येत नाही, कारण तो सुपर बोलमध्ये घडला नाही. २०१६ मध्ये बटलरने चार इंटरसेप्शन घेतले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे चार पास पकडले, ऑल-प्रो या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतील दुसऱ्या संघात त्याची निवड झाली, पॅट्रियट्सच्या बचावाने लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले आणि अटलांटाला ३४-२८ असे हरवून बटलरने दुसरे विजेतेपद मिळवले.

राहिला ४ फेब्रुवारी २०१८ चा मिनियापोलिसमधील सामना. फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या त्या सुपर बोलमध्ये बटलर बचावात एकदाही उतरला नाही. चेंडू लाथाडण्याच्या वेळी उतरणाऱ्या विशेष पथकात एकदाच दिसला. ही वस्तुस्थिती आहे. तिच्यातून काढलेला अर्थ मात्र खोटा आहे. त्या हंगामात तो पॅट्रियट्सच्या बचावातील जवळजवळ प्रत्येक चालीत मैदानावर होता. २०१६ च्या तुलनेत त्याचा खेळ उतरला होता, हे मान्य. सुपर बोलच्या आठवड्यात आजारपणामुळे तो संघानंतर तिथे पोहोचला, हेही खरे. बेलिचिक यांनी तो संघहितासाठी घेतलेला खेळाचा निर्णय होता एवढेच सांगितले. शिस्तभंगाच्या ज्या अफवा उठल्या, त्या बटलरने जाहीर निवेदन देऊन फेटाळल्या. ‘पात्रता उघडी पडली’ असे म्हणणाऱ्यांनी धावफलकाकडेही पाहावे: बटलर बाहेर असताना ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्सने ३७३ यार्ड पास केले, ईगल्सनी एकूण ५३८ यार्ड मिळवले आणि पॅट्रियट्स ४१-३३ असे हरले. बटलर असता तर जिंकलेच असते, असा उलटा दावा मी करणार नाही. पण ज्या रात्री त्याच्या जागी खेळलेल्या बचावाचे धिंडवडे निघाले, ती रात्र त्याच्या नालायकीचा पुरावा कशी ठरते, हे मला उमगलेले नाही.

एका सामन्याच्या जोरावर मोठा करार मिळवून विरून गेलेला कॉर्नरबॅक हवा असेल, तर डॅलस काउबॉइजचा लॅरी ब्राउन त्या चौकटीत अधिक बसतो. जानेवारी १९९६ च्या सुपर बोलमध्ये दोन इंटरसेप्शन घेऊन तो सामन्याचा मानकरी ठरला, ओकलंड रेडर्सनी त्याला मोठी रक्कम दिली आणि दोन हंगामांतच सोडून दिले. अर्थात ड्राफ्टच्या बाराव्या फेरीत निवडला गेलेला ब्राउन तोपर्यंत डॅलसबरोबर तीन विजेतेपदे जिंकला होता, त्यामुळे त्याच्यावरही हा शिक्का पुरता न्याय्य नाही.

बटलर टेनेसीत विरला नाही. पहिला हंगाम त्याला जड गेला. २०१९ मध्ये त्याने क्लीव्हलंडविरुद्ध पहिल्याच सामन्यात इंटरसेप्शन थेट टचडाउनपर्यंत नेले, पण मनगटाच्या दुखापतीने त्याचा हंगाम नऊ सामन्यांत संपला. २०२० मध्ये तो पुन्हा सर्व १६ सामने खेळला, १०० टॅकल (चेंडू घेतलेल्या खेळाडूला पाडणे) आणि चार इंटरसेप्शन केले. त्यांतले दोन बफेलोच्या जॉश अ‍ॅलनला एकाच सामन्यात चकवून. मार्च २०२१ मध्ये टायटन्सनी त्याला करारातून मोकळे केले, अ‍ॅरिझोना कार्डिनल्सशी करार होऊनही हंगामाच्या तोंडावर त्याने निवृत्ती घेतली, आणि २०२२ मध्ये पॅट्रियट्सकडे परतल्यावर कमरेच्या दुखापतीने त्याला एकही अधिकृत सामना खेळू दिला नाही. तोवर त्याच्या नावावर नियमित हंगामाचे १०० सामने आणि १७ इंटरसेप्शन जमा झाले होते. ग्लेनडेलचा झेल या सतरांत मोजला जात नाही, कारण सुपर बोलचे आकडे वेगळे धरले जातात.