चालतंय की! पाईपलाईन सांभाळायची सोपी पद्धत

साखर कारखान्यात मेंटेनन्सचा चार्ज नवीनच मिळालाय ना? मग सांगलीकडच्या बॉयलर हाऊसमधी उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचं जरा ऐका, पाईपलाईनचं टेन्शन घ्यायचं नाही. एका टोकाला आत गेलेलं दुसऱ्या टोकाला बाहेर येतंय ना? झालं मग. मधी काय चाललंय ते बघायला आपण काय सीआयडी आहे का?

पहिलं काम रंगाचं. गंज दिसला की घासत बसायचं नाही, सरळ ब्रश मारायचा. वाफेच्या लाईनला सिल्व्हर, पाण्याला हिरवा, एवढं केलं की व्हिजिटला आलेली मंडळी खूश आणि फोटो पण झकास येतो. रंगाखाली पाईप किती शिल्लक राहिलाय ते पाईप कुणाला सांगत नाही. (सांगतो, पण एकदाच.)

आता लॅगिंग, म्हणजे गरम लाईनवरचं ग्लासवुल आणि पत्र्याचं पांघरूण, हे मात्र नीट समजून घ्या. हंगाम संपतो, लाईन गार पडते, आणि मग जूनपासनं जिथं वरचा पत्रा उचकटलाय तिथनं पावसाचं पाणी आत जातं आणि आतली ग्लासवुल ते धरून बसते. गाळप चालू असताना वाफेची लाईन एवढी तापलेली असते की ओल टिकतच नाही, खरा गंज चढतो तो कारखाना झोपलेला असताना, तो पण पत्र्याच्या आत. म्हणून पत्रा उघडायचाच नाही. उघडला तर दिसणार, दिसलं तर लिहावं लागणार, लिहिलं तर पाईप बदलायचं एस्टीमेट करावं लागणार, आणि ते एस्टीमेट घेऊन वर जायचं म्हणजे पगारवाढ मागायला गेल्यासारखं तोंड करून उभं राहावं लागणार. एका कारखान्यात आम्ही अशीच कंडेन्सेटची (वाफ गार होऊन झालेल्या पाण्याची) लाईन उघडली होती, हातोडीचा हलका टोला मारला तर हातोडीचं टोक आत. फिटर म्हणाला, "सायेब, झाका परत." झाकलं. पुढचा सगळा हंगाम त्या लाईनखालनं आम्ही दोघं पळतच जायचो, तेवढाच व्यायाम.

ऑफ सीझनला थिकनेस मोजणारा पोरगा येतो अल्ट्रासोनिक मीटर घेऊन. जेल लावून प्रोब ठेवला की मिलिमीटरमधी आकडा, लय सोपं. पण हा पोरगा शिकलेला असला तर डोक्याला ताप, एल्बोच्या, म्हणजे पाईप वळतो त्या तुकड्याच्या, बाहेरच्या वळणावर रीडिंग घेऊ म्हणतो, कारण वाफेबरोबर पळणारे पाण्याचे थेंब तिथं आपटून पाईप आतनं खातात. तिथं जायला मचाण लागतं, मचाणाला माणसं लागतात. त्याला चहा पाजा, भडंग खायला घाला आणि खाली हाताला येईल त्या सरळ पाईपवर घे म्हणा. मागच्या वर्षी जिथं घेतलं होतं तिथंच परत तर अजिबात नको, नाहीतर वर्षात किती झिजलं आणि अजून किती वर्षं टिकंल याचा हिशोब निघतो. नसती भानगड!

लाईन बदललीच तर टेस्ट पाण्यानं करतात, पाणी दाबलं जात नाही त्यामुळं कुठं फुटलं तरी प्रेशर लगेच पडतं. पण लाईन भरा, हवा काढा, परत रिकामी करा, कोण करणार? कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते, जॉइंट सुटला की सगळ्या आळीला कळतं टेस्ट झाली म्हणून.

प्रेशर गेजचा काटा लाईन बंद असताना पण 7 वर असला तर हात लावू नका, स्थितप्रज्ञ आहे तो.

लीकेज निघालंच तर क्लॅम्प. क्लॅम्पच्या खाली जुनी रबरी ट्यूब, वर एमसील, आणि रजिस्टरात शब्द लिहायचा "तात्पुरतं". लय ताकदीचा शब्द आहे हा, दसरे येतात जातात, खंडेनवमीला त्याच क्लॅम्पला झेंडूची माळ पडते. कुणी विचारलं तर चालतंय की.

आणि हे फक्त आपल्याकडंच चालतं असा न्यूनगंड नको. इंग्लंडात फ्लिक्सबरोला 1974 साली केमिकल प्लँटमधी पाच नंबरच्या रिअ‍ॅक्टरला तडा गेला, त्यांनी तो काढला आणि चार नंबरच्या रिअ‍ॅक्टरपासनं थेट सहा नंबरला 20 इंची पाईप जोडून दिला, तात्पुरताच. वर्क्स इंजिनिअरची खुर्ची रिकामी होती, म्हणून ड्रॉईंग काढलं वर्कशॉपच्या फरशीवर, खडूनं. पाईप टिकला दोन महिने, 1 जूनला फुटला, 28 माणसं गेली. शनिवार होता म्हणून ऑफिसं रिकामी होती, नाहीतर आकडा मोठा झाला असता.

असो. आपल्या स्टोअरला खडू आहे का बघा, नसला तर इंडेंट टाकून ठेवा. ते लगेच पास होतं.