मंजूर पंधरा, खर्च चार

टेबलावरचा फोन बंद पडला की माणसं आधी त्याचा चार्जर शोधतात. तो नसतोच. मग टेबलाखाली वाकून प्लग शोधतात, आणि शेवटी मला बोलावतात. "याला लाइटच नाहीये," हे वाक्य ती अशा सुरात म्हणतात, की वायर कोणीतरी पळवली आहे आणि पहिला संशय माझ्यावर आहे. या फोनला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते, असं मी सांगतो. समोरचा त्या केबलकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि हात मागे घेत विचारतो, "मग शॉक नाही का लागणार?"

नाही लागत. ही वीज सोडणारा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो नेटवर्कचा डबा, फार संशयी असतो. साधारण ४८ व्होल्ट सोडण्याआधी तो जेमतेम १० व्होल्टपर्यंतचा दाब लावून पलीकडे कोण आहे याचा अंदाज घेतो. समोर २५ किलोओहमच्या आसपासचा रोध दिसला, तरच पुढची बोलणी. लॅपटॉप ही खूण दाखवत नाही, म्हणून त्याला वीज मिळत नाही आणि तो जळतही नाही. ही पद्धत नेटवर्कच्या केबलमधून वीज देण्याच्या २००३ च्या ८०२.३एएफ या मानकातली. त्याआधीचे काही फोन आपापल्या कंपनीची खाजगी खूण दाखवायचे. असा एखादा म्हातारा फोन नव्या स्विचला जोडला, की दोघं धडधाकट असूनही एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

बरेचदा प्रकरण इतक्या खोलात जात नाही. फोनच्या पाठीमागे दोन पोर्ट असतात, एक स्विचकडून येणाऱ्या केबलचा आणि दुसरा तिथून पुढे संगणकाला जोडायचा. टेबल पुसताना केबल निघते आणि परत लावताना दुसऱ्या पोर्टात जाते. मी ती योग्य जागी लावतो आणि "जरा सैल झाली होती" म्हणून निघतो. टेबलामागे बसलेली व्यक्ती बहुधा माझ्यापेक्षा वरिष्ठ असते.

छळ खरा केबलचा. स्विच जुना असेल, तर वीज घालायला मध्ये इंजेक्टर बसवावा लागतो, आणि तिथून वाद सुरू होतो. "केबल चांगली आहे हो, लॅपटॉप चालतोय ना त्यावर!" चालणारच. १०० एमबीपीएसच्या वेगाला केबलमधल्या तारांच्या नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. आमचा इंजेक्टर मात्र वीज पाठवतो निळ्या आणि तपकिरी जोडीवरून. मी भिंतीवरचं फेसप्लेट उघडलं. निळी आणि तपकिरी जोडी तिथून निसटून, टेपची पट्टी गुंडाळून, शेजारच्या खोलीत निघाली होती. कोणे एके काळी कोणीतरी एका केबलमध्ये दोन कनेक्शनं काढून पैसे वाचवले होते. त्या अज्ञात काटकसरवीराचा मी तिथेच, स्क्रूड्रायव्हर दातात धरून, उद्धार केला.

पण या सगळ्यांपेक्षा मला हरवलं ते हिशेबाने. नवा स्विच आला, २४ पोर्टांचा, विजेचं बजेट १९५ वॅट. माणसं पोर्ट मोजतात, वॅट कोणीच मोजत नाही. बारा फोन झकास लागले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमच्याकडे तेरावा फोन. केबल बदलली, पोर्ट बदलला, फोन बदलला, तरी अंधार. शेवटी स्विचलाच विचारलं. फोन स्वतःची नेमकी गरज सांगत नव्हते, म्हणून त्याने प्रत्येकाच्या नावे पूर्ण १५.४ वॅट मंजूर करून ठेवले होते. बारा जणांचे झाले १८४.८. उरले १०.२, त्यात तेरावा बसेना. गंमत म्हणजे एकेक फोन प्रत्यक्षात खात होता चारेक वॅट. म्हणजे पन्नासच्या आत सगळा खर्च आणि कागदावर तिजोरी रिकामी! माझ्या मते हा स्विच यंत्र नसून लेखा विभागातून बदली होऊन आलेला कारकून असावा.

एलएलडीपी, म्हणजे फोन आणि स्विचने एकमेकांना आपली माहिती सांगायची बोली, चालू केल्यावर फोन आपली खरी गरज सांगू लागले आणि स्विचने मूठ सैल केली. उरलेले फोन एकेक करून उजळले. "लाइट आली, पण टोन कुठाय?" असं लगेच विचारलं गेलं, तो व्हीलॅनचा, म्हणजे एकाच नेटवर्कात वेगळे कप्पे पाडण्याचा विषय, वेगळा वैताग.

त्यात मला एक टूम सुचली. वीज कमी पडली तर कोणाचा फोन आधी तोडायचा, हा प्राधान्यक्रमही स्विचमध्ये ठरवता येतो, हे मी मीटिंगमध्ये मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या दिवसापासून प्रत्येक जण दारात. वसुलीवाल्यांचा फोन अत्यावश्यक, खरेदीवाल्यांचा त्याहून अत्यावश्यक. मी कोणालाच दुखावलं नाही. सगळ्यांना 'क्रिटिकल' करून टाकलं. पुढे त्याच स्विचवर कॅमेरे चढले, बजेट पुन्हा ओलांडलं, आणि सगळेच सारख्या मानाचे म्हटल्यावर आमच्या स्विचने पोर्टचा नंबर बघितला. लहान नंबरला वीज आधी. मोठ्या साहेबांची केबल होती चोविसाव्या पोर्टात. पहिल्या पोर्टावर स्टोअररूमचा फोन होता, जो आजवर कोणी उचललेला नाही. साहेबांचा फोन बंद असल्याचं मला त्यांनी मोबाइलवरून कळवलं.