साध्या आमिषांवरच्या आक्षेपांना उत्तर : मूल चुकलं तर आमिषाचं काय होतं?

नमस्कार,

मुलांना नदीवर बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) धरायला नेताना डबीत कोणती आमिषं ठेवावीत, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि परखडपणे लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्पिनर (फिरत्या पात्याचं), ग्रब (वळलेल्या शेपटीची मऊ अळी) आणि पॉपर (पाण्यावर तरंगून आवाज करणारं) एवढी तीनच आमिषं देऊन मी मुलांना कमी लेखलं. स्पिनरने दोर पिळवटतो हे सांगितलं नाही. क्रँकबेटला, म्हणजे ओढलं की डुबकी मारणाऱ्या माशाच्या आकाराच्या कठीण आमिषाला, जागाच दिली नाही. आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा गळाला गांडूळ लावून दिलं असतं तर पोरांना मासा लवकर लागला असता.

दोर पिळवटण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि तो लेखात असायलाच हवा होता. स्पिनरचं पातं तारेभोवती फिरतं, त्याबरोबर हळूहळू अख्खं आमिष फिरू लागतं आणि तो पीळ दोरात चढत जातो. तासाभराने मूल रीळ सोडतं तेव्हा दोर वेटोळी घेऊन बाहेर येतो, आणि पुढची वीस मिनिटं बाप गुंता सोडवत बसतो, मूल दगडं भिरकावत बसतं. यावर उपाय म्हणजे आमिषाच्या हातभर वर एक छोटं स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकं स्वतंत्र फिरणारी कडी, बांधायचं. तरीही पीळ पडलाच तर आमिष काढून नुसता दोर प्रवाहात सोडायचा, दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा आणि बोटांच्या चिमटीतून परत गुंडाळायचा. वाहतं पाणी पीळ काढून टाकतं. स्पिनर साडेतीन ते पाच ग्रॅमचा पुरे.

आता 'तीनच का' याकडे येतो. इथे आपलं खरंच जमत नाही.

मुलांचं आमिष निवडताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघतो : मूल चुकलं की त्या आमिषाचं काय होतं? मूल चुकणारच. ते फार जोरात रीळ फिरवेल. पलीकडच्या फांदीवर खंड्या दिसला की फिरवायचंच विसरेल. सांगितलेल्या जागेपासून चार हात लांब फेकेल. मोठ्या माणसाच्या हातात उत्तम चालणारी पुष्कळ आमिषं अशा वेळी साफ निकामी होतात. स्पिनर जोरात ओढला तर थोडा वर येतो, पण पातं फिरतच राहतं आणि पाठलाग करणारा मासा असतोच. ग्रब फार हळू ओढला तरी त्याची वळलेली शेपटी प्रवाहात आपोआप हलते. पार थांबला तर तळाशी बसतो, आणि नदीतल्या स्मॉलमाउथ जातीच्या बासचं आवडतं खाणं म्हणजे झिंग्यासारखा क्रेफिश, तोही तळाशीच असतो. शिवाय जिगच्या, म्हणजे ग्रब ज्यावर चढवतात त्या वजनदार गळाच्या, डोक्याला दोर वरच्या बाजूने बांधलेला असल्यामुळे गळाचं टोक वर राहतं, दगडांत कमी अडकतं. आणि पॉपर? मूल विसरलं तर तो पाण्यावर तरंगत राहतो, एवढंच. पुष्कळदा मासा तेव्हाच झडप घालतो. मी तर मुलांना मुद्दाम सांगतो, की फेकल्यावर पाण्यावरची वलयं विरेपर्यंत हात लावायचा नाही, मग एकच झटका. त्याच्या खोलगट तोंडातून 'बुडुक' आवाज येतो. मुलं श्वास रोखून बघत असतात. संध्याकाळी, पाणी संथ असताना, पाण्याखालून येणारा तो घाव एकदा पाहिलेलं मूल पुढच्या वेळी स्वतःहून बूट घालून दारात उभं राहतं.

वजनाबद्दल लेखात मी घाईने पुढे गेलो, म्हणून इथे लिहितो. साडेसात सेंटीमीटरच्या ग्रबला साधारण साडेतीन ग्रॅमचं जिग ठीक, उथळ पाण्यात त्याच्या निम्मं. ग्रब अधूनमधून तळाला टेकला पाहिजे. दर फेकीला अडकत असेल तर वजन कमी करा. जिग शिशाचं घेऊ नका. मुलं ते हाताळतात, त्याच हातांनी खातात, कधी थेट तोंडात धरतात. टंगस्टनचं किंवा कथलाचं मिळतं, ते घ्या.

क्रँकबेटबद्दल तुम्ही लिहिलंत की चौकोनी ओठाचं (पुढे चौकोनी पट्टी असलेलं) क्रँकबेट दगडाला आपटून उसळतं आणि बास नेमका तेव्हा धरतो. माझाही अनुभव तोच आहे. पण त्याला दोन तिहेरी गळ असतात, म्हणजे सहा टोकं. मासा एका गळाला लागलेला, दुसरा मोकळा, मासा तडफडतोय आणि सात वर्षांचं मूल त्याला उत्साहाने दोन्ही हातांनी धरायला जातंय. माझ्या भाचीच्या अंगठ्यात असाच गळ गेला होता. टोकामागचा उलटा काटा मी आधीच पक्कडीने दाबून सपाट केला होता म्हणून तो अलगद निघाला, आणि दहा मिनिटांत ती पुन्हा पाण्याकडे वळली. काटा तसाच असता तर तो दिवस दवाखान्यात गेला असता आणि बहुधा तिची मासेमारीही तिथेच संपली असती. तेव्हापासून मुलांच्या डबीतल्या प्रत्येक आमिषाला एकेरी गळ, काटा दाबलेला. स्पिनर आणि पॉपरलाही तिहेरी गळ असतात, तेही मी बदलतो. पॉपरचा पुढचा गळ काढूनच टाकतो, मागे एक पुरतो. आणि डोळ्यांवर चष्मा, मुलाच्याही आणि शेजारी उभ्या असलेल्याच्याही.

एक मात्र तुमच्या बाजूने मान्य करतो. मूल नऊ-दहा वर्षांचं असेल आणि फेक जमायला लागली असेल, तर तरंगणारं मिनो, म्हणजे छोट्या माशासारखं लांबट आमिष, द्यायला हरकत नाही. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली असं आमिष बुचापासून कोरलं होतं, तेही जखमी माशाची डगमगती चाल बघून. ओढलं की ते डगमगत खाली जातं, थांबलं की वर येतं. म्हणजे विसरभोळ्या हातालाही ते सांभाळून घेतं. बुडणारं मिनो मात्र नको. गळ अर्थातच एकेरी.

गांडुळाबद्दल. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली गांडूळ हाच चांगला मार्ग, यात वाद नाही. पण जरा मोठ्या मुलाला मासा परत सोडायचा असतो, आणि थांबून राहिलेलं गांडूळ बास खोलवर गिळतो. घशात रुतलेला गळ आणि रक्ताळलेला मासा हातात घेतलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. चालत्या आमिषाला मासा बहुतेक वेळा ओठाच्या कडेला लागतो. गांडूळच वापरणार असाल तर गोल वळणाचा सर्कल हुक लावा, आणि गळ खोल गेला असेल तर ओढू नका, दोर कापून मासा सोडा.

'कमी लेखलं' हा शब्द मात्र मला लागला. आमिषं तीन ठेवली की मुलाची नजर डबीतून उठून पाण्याकडे जाते, आणि शिकायचं सगळं तिथे आहे. स्मॉलमाउथ प्रवाहाकडे तोंड करून, मोठ्या दगडाच्या आडोशाला किंवा वेगवान आणि संथ पाणी भेटतं त्या रेषेवर उभा असतो. खाणं वाहत येण्याची वाट बघत. हे मुलाला शब्दांत सांगून कळत नाही. त्याच्या हातात एक वाळलेलं पान द्या आणि वरच्या बाजूने पाण्यात सोडायला सांगा. पान धावतं, मग एका जागी मंदावतं, गिरकी घेतं. तिथेच वरून आमिष टाकायचं, म्हणजे ते खाण्यासारखं वाहत खाली येईल. आठ वर्षांच्या पोरांनी या पानाच्या जोरावर माझ्या आधी मासा काढलेला मी पाहिलाय.

तुम्ही वसंतात सात वर्षांच्या मुलीला घेऊन जाणार असं लिहिलंय. पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपास आलं की नर गोट्यांत गोल, फिकट घरटं साफ करून अंड्यांवर पहारा देतो. तो आमिषावर रागाने तुटून पडतो, म्हणून सहज मिळतो, पण त्याला उचललं की छोटे मासे काही वेळात अंडी फस्त करतात. असं घरटं दिसलं तर मुलीला लांबून दाखवा आणि पुढच्या वळणाकडे चला. त्या दिवसांत तिथे मासेमारीला बंदी आहे का, हेही आधी बघा.

स्विव्हलचा परिच्छेद मूळ लेखात आजच घातला. मुलीने पान सोडलं तर ते कुठे मंदावलं आणि तिथे काय लागलं, ते जरूर कळवा.